सकाळी आठचा आकडा

'फुल बॉडी चेकअप'चा रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ होऊन येतो. कोलेस्टेरॉल, थायरॉइड, व्हिटॅमिन डी यांची पाने संपली की 'हार्मोन्स' या मथळ्याखाली एक ओळ दिसते : टोटल टेस्टोस्टेरॉन, २७८. पुढे ठळक अक्षरात 'लो'. ही तपासणी कुठल्या डॉक्टरांनी सांगितलेली नसते. पॅकेजमध्ये होती म्हणून झालेली असते. तरी चाळिशीतल्या पुरुषाचे धाबे दणाणायला तेवढा एक शब्द पुरतो. थकवा, सुटलेले पोट, चिडचिड, सगळ्याचे खापर त्या आकड्यावर फुटते आणि रात्रीपर्यंत शिलाजीत, 'बूस्टर' आणि इंजेक्शनांच्या जाहिराती हात धुवून मागे लागतात.

२७८ हा आकडा बहुधा चुकलेला नसतो. पण त्यावरून काही ठरवायचे तर आणखी पाच गोष्टी माहीत हव्यात : तो कोणत्या एककात आहे, रक्त किती वाजता आणि कोणत्या अवस्थेत घेतले, त्यातले वापरायला मोकळे टेस्टोस्टेरॉन किती, मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी त्याबद्दल काय म्हणते, आणि माणसाची तक्रार नेमकी काय आहे. हाच २७८ घेऊन आपण या पाचही गोष्टी एकेक करून पाहू.

एकक आणि रेंज

पुरुषाच्या शरीरात दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार होते, बहुतेक सगळे वृषणांतल्या लायडिग पेशींत. रक्तात ते एका वेळी फारच थोडे सापडते : लिटरभर रक्तद्रवात ग्रॅमचे काही दशलक्षांश भाग. १९३५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या प्रयोगशाळेने हे संप्रेरक पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळे केले, तेव्हा सुमारे १०० किलो बैलांच्या वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम हाती लागले होते. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवले. १९३९चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले. तरी चमचाभर रक्तात ते मोजता येण्यासाठी आणखी काही दशके जावी लागली. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिन मोजण्यासाठी किरणोत्सारी द्रव्याची खूण आणि अँटिबॉडी वापरणारी पद्धत शोधली, तेव्हा ती वाट खुली झाली. यॅलो यांना १९७७ साली नोबेल मिळाले; बर्सन तोवर हयात नव्हते.

आज मोठ्या लॅबमधली मशीन याच तत्त्वाच्या, पण किरणोत्सर्गाऐवजी प्रकाशाची खूण वापरणाऱ्या चाचण्या तासाला शेकड्यांनी करतात. निकाल मात्र तीन वेगवेगळ्या एककांत छापले जातात. नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये २७८, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये २.७८ आणि नॅनोमोल प्रति लिटरमध्ये ९.६ : तिन्ही एकाच रक्ताचे आकडे. डेसिलिटरच्या आकड्याला २८.८ने भागले की नॅनोमोल मिळतात. गेल्या वर्षीचा एका लॅबचा आणि यंदाचा दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट शेजारी ठेवताना आधी एकक पाहावे. पुष्कळदा 'घसरण' तिथेच संपते.

आता 'लो' या शब्दाकडे. रेफरन्स रेंज बहुधा अशी काढतात : निरोगी माणसांची रक्ते तपासायची, आकडे चढत्या क्रमाने लावायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडून द्यायचे आणि मधला पट्टा छापायचा. म्हणजे शंभर निरोगी पुरुषांपैकी दोन-तीन जण व्याख्येनेच 'लो' ठरतात. २०१७मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या चार मोठ्या पाहण्यांचे आकडे एकत्र जुळवून १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या पुरुषांसाठी २६४ ते ९१६ अशी रेंज काढण्यात आली. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३००च्या खालच्या आकड्याला कमी म्हणते. युरोपातले मूत्ररोगतज्ज्ञ १२ नॅनोमोल, म्हणजे साधारण ३४६ ही सीमा मानतात. आपला २७८ पहिल्या मोजमापाने नॉर्मल, दुसऱ्याने थोडा कमी आणि तिसऱ्याने चांगलाच कमी. रक्त तेच, रेघ कुणी कुठे मारली, एवढाच फरक.

रेघ सरकली की माणसाचे काय होते, हे धावपटू द्युती चंद हिच्या बाबतीत देशाने पाहिले. नैसर्गिकरीत्या टेस्टोस्टेरॉन जास्त असल्याच्या कारणावरून २०१४च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर तिला संघातून वगळण्यात आले. महिला खेळाडूंसाठी तेव्हाची मर्यादा होती १० नॅनोमोल. २०१५मध्ये क्रीडा लवादाने तो नियमच स्थगित केला आणि ती पुन्हा धावू लागली. २०१८च्या नव्या नियमात मर्यादा ५वर आली, पण ती ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींना लागू होती. १०० मीटर धावणारी द्युती तीतून सुटली. २०२३मध्ये ती आणखी खाली, २.५वर आणून सगळ्या शर्यतींना लावण्यात आली. नऊ वर्षांत मर्यादा चौपटीने खाली आली.

घड्याळ, पोट आणि झोप

टेस्टोस्टेरॉन पहाटेपासून सकाळपर्यंत सर्वांत जास्त असते आणि दिवस चढेल तसे उतरते. तरुण पुरुषात संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही कमी भरू शकतो. वय वाढते तसा हा चढउतार सपाट होतो. म्हणून रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान द्यायचे. रात्रपाळी करणाऱ्याने आपली सकाळ धरायची, म्हणजे झोपून उठल्यानंतरचा पहिला-दुसरा तास. ऑफिस सुटल्यावर घरी जाता जाता दिलेल्या रक्तावर 'लो' असा शेरा आला, तर तो बाजूला ठेवून सकाळी पुन्हा तपासणी करावी.

पोट रिकामे हवे. तोंडावाटे ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यावर पुरुषांतले टेस्टोस्टेरॉन सरासरी पाव हिश्श्याने खाली आल्याचे तपासणीत दिसले आहे. सकाळी चहा-बिस्कीट किंवा पोहे खाऊन गेलेल्या माणसाचा रिपोर्ट म्हणूनच शंकास्पद. झोपही मोजावी लागते : शिकागोमधल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तर दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरले. डेंगी, फ्लू, ऑपरेशन, अपघात अशा कोणत्याही दुखण्यात शरीर हे उत्पादन तात्पुरते आवरते घेते. आजारातून उठल्या उठल्या केलेली तपासणी त्या आजाराचीच हकीकत सांगते.

एवढी काळजी घेऊनही आकडा रोज थोडा हलतोच. पहिल्या तपासणीत कमी भरलेल्या शंभर पुरुषांपैकी तिसांपर्यंत जणांचा आकडा दुसऱ्या वेळी नॉर्मल येतो. म्हणून वेगवेगळ्या दिवशीच्या, सकाळच्या, उपाशीपोटीच्या दोन तपासण्या कमी आल्याखेरीज 'टेस्टोस्टेरॉन कमी' हे शब्द डॉक्टरांनी उच्चारू नयेत, असे बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात.

एक चकवा औषधांच्या डब्यात असतो. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असते आणि काही मशीनवरच्या चाचण्यांत खुणेची रसायनेही बायोटिनच्या चिकटण्यावरच चालतात. रक्तात बायोटिन जास्त असेल तर अशा मशीनवर टेस्टोस्टेरॉन खोटेच वाढलेले आणि पिट्युटरीचे एलएच हे संप्रेरक खोटेच घटलेले दिसू शकते. बाहेरून टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेणाऱ्याचा रिपोर्टही नेमका असाच दिसतो. केस गळतात म्हणून गोळ्या खाणाऱ्या साध्या माणसावर उगाच संशय यायचा. रक्त देण्याआधी दोन दिवस या गोळ्या बंद ठेवाव्यात आणि लॅबला तसे सांगावे.

खिशात किती?

'टोटल' या शब्दात एक मेख आहे. रक्तातले बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेले असते. साधारण निम्म्याच्या आतबाहेरचा हिस्सा एसएचबीजी नावाच्या प्रथिनाने घट्ट धरलेला असतो, तेवढाच दुसरा हिस्सा अल्ब्युमिनला सैल चिकटलेला, आणि पूर्ण मोकळे असते ते शंभरातले एक-दोन भाग. पैशांत बोलायचे तर एसएचबीजी म्हणजे मुदत ठेव, अल्ब्युमिन म्हणजे बचत खाते आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन म्हणजे खिशातली रोकड. टोटलचा आकडा तिन्हींची बेरीज सांगतो. पेशींचा रोजचा खर्च चालतो तो मुख्यतः रोकडीवर, आणि अडीनडीला बचत खात्यावर.

एसएचबीजी कमीजास्त होण्याची कारणे रोजच्या आयुष्यातली आहेत. पोटावरची चरबी, टाइप २ मधुमेह, थायरॉइड कमी असणे, स्टेरॉइडची औषधे यांनी ते घटते. वाढते वय, लिव्हरचा सिरोसिस, थायरॉइड जास्त असणे, फिट्सवरची काही औषधे यांनी ते वाढते.

याचा परिणाम किती मोठा असतो, ते २७८ वरच पाहू. अल्ब्युमिन ४.३ धरून, जगभर वापरल्या जाणाऱ्या फरमोइलेन यांच्या सूत्राने मोकळे टेस्टोस्टेरॉन काढले, तर एसएचबीजी १४ असलेल्या पुरुषात ते येते सुमारे २८० पिकोमोल प्रति लिटर. एसएचबीजी ६० असेल तर तेच उतरते सुमारे १२५ वर. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासाने धरलेली सीमा २२० आहे. म्हणजे टोटल तोच असून पहिला माणूस सीमेच्या बऱ्यापैकी वर आणि दुसरा बराच खाली. पहिला बहुधा पोट सुटलेला, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा चाळिशीतला गृहस्थ असतो. त्याच्या 'लो'चा मोठा भाग एसएचबीजी घटल्यामुळे आलेला असतो, आणि वजन उतरले की टोटलही वर चढते. दुसरा सडसडीत, सत्तरीचा असू शकतो. त्याचा टोटल ३५० आला असता तर कुणी लक्षही दिले नसते, पण मोकळे टेस्टोस्टेरॉन तेव्हाही सीमेखालीच निघाले असते.

म्हणून टोटल सीमेच्या आसपास असेल तर एसएचबीजी आणि अल्ब्युमिन तपासून मोकळे टेस्टोस्टेरॉन हिशेबाने काढून घ्यावे. लॅबच्या यादीत 'फ्री टेस्टोस्टेरॉन' नावाची थेट चाचणीही असते. स्वस्तातल्या किटवर होणारी ही चाचणी इतकी अविश्वसनीय आहे की तिच्यावर निर्णय घेऊ नयेत, असे तज्ज्ञ बजावतात.

पिट्युटरीचा शेरा

वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायचा हुकूम देते ती पिट्युटरी, एलएच हे संप्रेरक स्रवून. शुक्राणूंच्या निर्मितीत तिचे दुसरे संप्रेरक, एफएसएच, कामाला येते. रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी पडले की पिट्युटरीने एलएच वाढवून जोर लावायला हवा. ती तसे करते की नाही, यावरून बिघाड कुठे आहे ते कळते. पुरुषांत एलएचची रेंज बहुतेक लॅबमध्ये साधारण दीड ते नऊ असते. तीन नमुन्याचे रिपोर्ट पाहा.

पहिला : वय २९, लग्नाला तीन वर्षे झाली, मूल नाही. टेस्टोस्टेरॉन २१०, एलएच २४, एफएसएच ३८. पिट्युटरी ओरडून सांगते आहे आणि वृषणांकडून साद नाही. दोष वृषणांत. यामागचे एक मोठे कारण म्हणजे क्लाइनफेल्टर सिंड्रोम, ज्यात पुरुषाला एक्स गुणसूत्र एक जादा मिळते. साधारण सहाशे-सातशे पुरुषांत एकाला ते असते आणि पुष्कळांना वंध्यत्वाची तपासणी करेपर्यंत त्याचा पत्ताही नसतो. गालगुंडाने वृषणांना आलेली सूज, केमोथेरपी, दुखापत हीही कारणे शोधायची.

दुसरा : वय ४५, टेस्टोस्टेरॉन १२०, एलएच २.१. इथे एलएचसमोर 'नॉर्मल' छापलेले असते आणि रिपोर्ट वाचणारा तिथेच फसतो. टेस्टोस्टेरॉन इतके खाली असताना एलएच २.१वर शांत बसणे नॉर्मल नव्हे; पिट्युटरीच गप्प आहे. मग प्रोलॅक्टिन तपासतात, कारण प्रोलॅक्टिन बनवणारी पिट्युटरीची गाठ एलएचला दाबते. टेस्टोस्टेरॉन १५०च्या खाली असेल तर पिट्युटरीचा एमआरआय करण्याकडेही डॉक्टरांचा कल असतो. थॅलेसेमियात वारंवार रक्त चढवावे लागलेल्या रुग्णांत पिट्युटरीत लोह साठून हेच होते. ओपिऑइड वर्गातली वेदनाशामके आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडची औषधे यांचाही इथे हात असतो.

तिसरा : वय २४, पिळदार अंग, टेस्टोस्टेरॉन ४५, एलएच ०.१पेक्षा कमी. या तरुणाला एकच प्रश्न विचारायचा : जिममध्ये कोणती इंजेक्शने घेतलीस? बाहेरून नँड्रोलोनसारखे स्टेरॉइड आले की पिट्युटरी आपला हुकूम थांबवते, वृषण आक्रसतात आणि शुक्राणूंचे उत्पादन बंद पडते. बाहेरून टेस्टोस्टेरॉनच घेत असेल तर आकडा उलट हजारच्या वर आणि एलएच तरीही शून्याजवळ. स्टेरॉइड सोडल्यावर यंत्रणा पूर्वपदावर यायला काही महिने, कधी वर्ष-दीड वर्षही लागते. त्या काळातला थकवा आणि उदासी सोसवत नाही, म्हणून पुष्कळ जण पुन्हा त्याच सिरिंजकडे वळतात.

तक्रार काय आहे?

युरोपातल्या आठ शहरांतल्या ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांचा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. टेस्टोस्टेरॉन कमी असण्याशी नेमकी कोणती लक्षणे जोडलेली आहेत, हे त्यात तपासले होते. तीन लक्षणे एकत्रितपणे ठळक निघाली आणि तिन्ही लैंगिक : सकाळची ताठरता कमी होणे, कामेच्छा कमी होणे, संभोगाच्या वेळी ताठरता न येणे. ही तिन्ही लक्षणे, टोटल ११ नॅनोमोलखाली आणि मोकळे २२० पिकोमोलखाली, असे सगळे जमून आलेले पुरुष निघाले २.१ टक्के. वयोमानाने टेस्टोस्टेरॉन हळूहळू उतरते हे खरे, पण त्यामुळे आजारी म्हणावेत असे पुरुष जाहिराती सांगतात त्याच्या मानाने थोडे असतात.

थकवा, निरुत्साह, लक्ष न लागणे या तक्रारींना टेस्टोस्टेरॉनपेक्षा जवळची कारणे आहेत : हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, नैराश्य आणि घोरताना श्वास अडकणारा स्लीप अ‍ॅप्निया. यातली काही स्वतःच टेस्टोस्टेरॉनही खाली आणतात. मूळ कारण सोडून आकड्यावर इलाज केला की आकडा सुधारतो आणि माणूस तसाच राहतो.

बायकांचा रिपोर्ट

स्त्रियांतही टेस्टोस्टेरॉन असते, अंडाशयांतून आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून आलेले. प्रमाण पुरुषांच्या दहाव्या-विसाव्या भागाइतके, साधारण १५ ते ७० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. पुरुषांच्या पट्ट्यात ठीक चालणारी नेहमीची मशीन इतक्या खालच्या आकड्यांवर अडखळतात. शक्य असेल तिथे 'एलसी-एमएस' पद्धतीने, म्हणजे रेणूंच्या वजनावरून नेमकी ओळख पटवणाऱ्या यंत्रावर केलेली तपासणी जास्त भरवशाची.

पाळी अनियमित, हनुवटीवर केस, मुरुमे, अशा पीसीओएसच्या तक्रारींत टेस्टोस्टेरॉन थोडे वाढलेले सापडते. कधी टोटल नॉर्मल आणि एसएचबीजी कमी असल्याने मोकळे तेवढे जास्त, असेही होते. आकडा १५०-२००च्या वर गेला आणि आवाज घोगरा होणे, टक्कल पडणे काही महिन्यांतच झपाट्याने घडले, तर अंडाशयाची किंवा अ‍ॅड्रिनलची गाठ शोधावी लागते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही तपासणी करून उपयोग नाही : गोळ्या एसएचबीजी वाढवतात आणि अंडाशयाचे उत्पादन दाबतात. गोळ्या थांबवून तीन महिन्यांनी रक्त द्यावे, आणि त्या काळात गर्भनिरोधाची दुसरी सोय करावी.

इलाज चालू असताना

दोन्ही तपासण्या कमी, तक्रारी जुळणाऱ्या आणि कारण सापडलेले, असे असेल तर टेस्टोस्टेरॉन देण्याला अर्थ आहे. त्याआधी एक गोष्ट डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलायची : मूल हवे आहे का? बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन शुक्राणू घटवते, कधी शून्यावर नेते. मूल हवे असणाऱ्या आणि पिट्युटरीचा दोष असणाऱ्या पुरुषाला त्याऐवजी एलएचचे काम करणारी एचसीजीची इंजेक्शने देतात. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक पुरुषांवरच्या 'ट्रॅव्हर्स' चाचणीत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात टेस्टोस्टेरॉन जेलमुळे वाढले नाहीत. हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसात गुठळी जाण्याचे प्रकार मात्र जास्त दिसले. त्यातले सगळे पुरुष लक्षणे असलेले आणि दोनदा ३००खाली आलेले होते, हे विसरू नये. निव्वळ पॅकेजमधल्या आकड्यावर इंजेक्शन घेणाऱ्याला तो निष्कर्ष लागू होत नाही.

इलाज सुरू झाल्यावर हिमॅटोक्रिट आणि पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) यांच्यावर नजर ठेवतात. हिमॅटोक्रिट ५४च्या वर गेले, म्हणजे रक्त दाट झाले, तर औषध थांबवतात. आणि टेस्टोस्टेरॉनचा आकडा वाचण्याचे नियम आता बदलतात. दोन आठवड्यांनी मिळणाऱ्या इंजेक्शनानंतर तो पहिल्या काही दिवसांत उंच असतो आणि पुढच्या इंजेक्शनाआधी तळाला जातो, म्हणून रक्त दोन इंजेक्शनांच्या मध्यावर द्यायचे. तीन महिन्यांच्या अंतराने दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनात ते पुढच्या डोसच्या आधी. जेल लावणाऱ्याने, निदान आठवडाभर नियमित वापरानंतर, लावल्यापासून दोन ते आठ तासांत. फॉर्म भरताना लॅबवाले नाव, वय आणि मोबाइल नंबर तेवढा विचारतात. शेवटच्या डोसची तारीख आपण होऊन त्यावर लिहावी. तिच्याशिवाय तो आकडा कुणालाच वाचता येणार नाही.